दुपारची झोप, जाहिराती आणि पाच महिने वापरलेला साउंडबार

मी नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस नाइट ड्युटी असते. सकाळी साडेआठला नेरूळला घरी पोचते, स्वयंपाक उरकते, अकराच्या सुमारास आडवी होते आणि चारला उठते. घर सिडकोचं जुनं आहे, मागे वाढवून एक खोली काढलेली. बाहेरच्या खोलीत ज्या भिंतीला टीव्ही टांगलाय, त्याच भिंतीला पलीकडून माझा पलंग लागून आहे. सासूबाईंचं वय ७६. संध्याकाळनंतर नातवाचा अभ्यास असतो म्हणून त्या टीव्ही लावत नाहीत. आदल्या रात्रीच्या मालिका दुसऱ्या दिवशी दुपारी बारा ते तीन पुन्हा लागतात, त्या बघतात. दिवसभरातला त्यांचा स्वतःचा असा हाच वेळ, आणि माझ्या झोपेचाही हाच.

मालिका चालू असताना मी गाढ झोपलेली असायचे. जाहिराती लागल्या की दचकून जाग यायची. एकदा कसल्याशा जाहिरातीत टुंग-टुंग असा आवाज वाजला आणि मी उठून बसले, पायाने चपला शोधायला लागले. वॉर्डातल्या मॉनिटरचा अलार्म वाजला असंच वाटलं. त्या दिवशी पुन्हा झोप लागली नाही, आणि रात्री ड्युटीवर सलाईनची पिशवी बदलताना लेबल दोनदा वाचावं लागलं. तेव्हा ठरवलं, यावर काहीतरी करायचंच.

सासूबाईंना "आवाज कमी ठेवा" म्हणणं मला जमलं नसतं, आणि तसं म्हणण्यात अर्थही नव्हता. एका सुट्टीच्या दुपारी मी मुद्दाम त्यांच्या शेजारी बसले. मालिकेत मुलगी आजारी वडिलांच्या उशाशी बसून हळू आवाजात काहीतरी कबूल करत होती. आईंनी तळहात कानामागे धरला. आवाज २२ वर होता, तो २६ केला, मग २९. वाक्य अर्ध्यावर असतानाच सीन तुटला आणि कपड्यांच्या पावडरीची जाहिरात लागली. चिखलात लोळणारी पोरं, ढोल, वर बाईचा चिरका आवाज. आईंनी डोळे घट्ट मिटून घेतले. त्यांचा रिमोट प्लास्टिकच्या पिशवीत घालून वरून रबर बँड लावलेला आहे आणि वजाचं चिन्ह पार पुसलंय. अंगठ्याने चाचपून त्यांनी ते बटण सापडवलं, सहा-सात वेळा दाबलं. तोवर ती जाहिरात संपून दुसरी लागली होती. मालिका परत आली तेव्हा आवाज १८ वर होता, म्हणजे पुन्हा काही ऐकू येईना. पुन्हा अधिक.

मला म्हणाल्या, "अगं, तू झोपलेली असतेस हे माझ्या डोक्यात असतं. पण बोट पोचेपर्यंत ते बोंबलून मोकळं होतं."

मी फोनवर डेसिबल मोजायचं एक फुकटचं ॲप टाकलं. फोनचा आकडा प्रयोगशाळेसारखा अचूक नसतो, पण एकाच जागी बसून दोन आवाजांतला फरक बघायला पुरतो. सोफ्यावर, आवाज २६ असताना, मालिकेतलं साधं बोलणं ५६-५८ आणि जाहिराती ६७-६८, म्हणजे साधारण अकराचा फरक. दहा डेसिबलचा फरक म्हणजे कानाला साधारण दुप्पट मोठं वाटतं. आम्हाला उगीच भास होत नव्हता.

माझा धाकटा भाऊ नाटकांच्या ध्वनीचं काम करतो. ठाण्याचं गडकरी रंगायतन, वाशीचं भावे नाट्यगृह, जिथे प्रयोग असेल तिथे. त्याला विचारलं की हे लोक जाहिरातीच्या वेळी मुद्दाम आवाज वाढवतात का. तो म्हणाला, "ताई, बटण कोणी फिरवत नाही. माल भरतानाच तसा भरलेला असतो." मग त्याने ओट्यावरचे दोन डबे पुढे ओढले, एकात कुरमुरे, दुसऱ्यात रवा. दोन्ही काठोकाठ. म्हणाला, "उंची सारखीच आहे. आता उचलून बघ."

त्याचं म्हणणं असं. टीव्हीवरून जाणाऱ्या आवाजाला वरची एक हद्द ठरलेली असते, तिच्यापलीकडे कोणालाच जाता येत नाही, मालिकेलाही नाही आणि जाहिरातीलाही नाही. मालिकेत त्या हद्दीला आवाज कधीमधीच टेकतो. दार आपटलं, वीज कडाडली, कोणी किंचाळलं, एवढ्यापुरता. बाकीचं बोलणं, उसासे, मागची बासरी, हे सगळं खूप खाली चालू असतं. जाहिरातवाल्यांकडे तीस सेकंद असतात, कधी दहाच. ते आवाज कंप्रेसरमधून काढतात. म्हणजे सगळ्यात मोठे आवाज आधी दाबून खाली आणायचे आणि मग अख्खी पट्टीच उचलून हद्दीला भिडवायची. मग कुजबुजसुद्धा ओरडण्याच्या उंचीवर येते. मीटरवरचा काटा हद्द ओलांडत नाही, पण पूर्ण तीस सेकंद तिथून हलतही नाही. सगळ्यात उंच टोक मोजलं तर मालिका आणि जाहिरात सारखीच निघतील. कान मात्र टोक मोजत नाही. एकूण किती भरणा झाला ते कानाला कळतं.

शिवाय आपला कान सगळ्या पट्ट्यांना सारखा दाद देत नाही. कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटरची, तिच्या लांबीमुळे ३,००० हर्ट्झच्या आसपासचे आवाज आत आपोआप जास्त घुमतात. २,००० ते ५,००० हा सगळ्यात तिखट कप्पा. तान्ह्या बाळाचं रडणं इतकं आरपार जातं त्याचंही हेच कारण. जाहिरातीतला आवाज नेमका याच कप्प्यात धारदार केलेला असतो. आणि त्याआधी हळवा, शांत सीन होऊन गेलेला असला की तोच आवाज आणखी मोठा भासतो.

आपल्याकडे याबद्दल नियम आहे, हे मला तेव्हाच कळलं. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम १९९४, त्यातला सातवा नियम जाहिरातींचा. जाहिरातीचा आवाज अति मोठा नसावा असं त्यात स्पष्ट लिहिलंय. तासाला बाराच मिनिटं जाहिराती, त्यातली दोन चॅनेलच्या स्वतःच्या कार्यक्रमांसाठी, हेही त्याच नियमात आहे. पण अति म्हणजे किती, याचा आकडा त्या वाक्यात नाही. बाहेरच्या देशांत आकडा आहे. एकूण भरणा मोजायची जागतिक पद्धत २००६ मध्ये ठरली, युरोपातल्या प्रसारकांनी २०१० मध्ये उणे २३ ही पातळी (म्हणजे सरासरी भरणा वरच्या हद्दीच्या २३ डेसिबल खाली) धरली, आणि अमेरिकेत त्याच वर्षी कायदा होऊन १३ डिसेंबर २०१२ पासून लागू झाला. भाऊ म्हणाला की तिथेही तक्रारी पूर्ण थांबलेल्या नाहीत, कारण मोजतात ती सरासरी. मालिकेची सरासरी आणि जाहिरातीची सरासरी एक आली, तरी जाहिरातीच्या आधीचा हळू सीन त्या सरासरीच्या कितीतरी खाली असतो. मला हे पटलं. पण आकडा असता तर निदान तक्रार कशाच्या आधारावर करायची हे तरी कळलं असतं. बारा मिनिटं मोजता येतात, मग आवाजही मोजता यायला हवा. मनापासून वाटतं ते लिहिलंय.

आता वस्तूकडे येते. पण त्याआधी पैसे न घालता करायची गोष्ट. तुमच्या टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये ऑटो व्हॉल्यूम किंवा तशाच नावाचा पर्याय बघा, बहुतेक टीव्हींत असतो आणि बंद असतो. आमच्याकडे तो चालू केल्यावर अकराचा फरक आठवर आला. तीन डेसिबल म्हणजे अगदीच काही नाही असं नाही. पण कोणी बोलायचं थांबलं की मागचं संगीत फुगून वर यायचं, माणूस बोलायला लागलं की पुन्हा दबायचं. आईंना त्याचा त्रास व्हायला लागला. मुळात आमच्या टीव्हीचे स्पीकर खाली आणि मागे तोंड करून आहेत. बोलणं आधी भिंतीवर आपटतं आणि मग आपल्याकडे येतं. त्यात आईंना शब्द कळेनात, म्हणून आवाज वाढवायचा, म्हणून जाहिराती आणखी मोठ्या.

मी त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेलं. तपासणीत उंच पट्टीचं ऐकणं उतरलेलं निघालं, वयामुळे येतं तेच. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले, ते त्यांना नीट पोचतात. स, श, त, फ, क वरच्या पट्टीतले, ते गळतात. म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही. आणि दुसरी गोष्ट, जी घराघरांत भांडणाचं कारण होते. अशा कानांना हळू आवाज ऐकू येत नाही, पण एका मर्यादेनंतर आवाज थोडाच वाढला तरी एकदम फार वाढल्यासारखा वाटतो. ऐकू येणं आणि सहन न होणं यांतली जागाच अरुंद होते. आजी-आजोबा "काय म्हणालास?" विचारतात आणि मोठ्याने सांगितलं की "ओरडतोस कशाला?" म्हणतात, ते दोन्ही खरं असतं. वॉर्डात मी हे वर्षानुवर्षं बघत आलेय, पण घरात आईंनी डोळे मिटून घेतले ते मला इतके दिवस दिसलं नव्हतं. जाहिरातीचा त्रास माझ्यापेक्षा त्यांना जास्त होत होता.

म्हणजे आम्हाला काय हवं होतं? बोलणं वर आणणारं आणि मोठं खाली आणणारं, दोन्ही एकाच वेळी. भाऊ म्हणाला, नाइट मोड (मोठे आवाज दाबणारी सोय) असलेला साधा साउंडबार, म्हणजे टीव्हीला जोडायचा लांबट स्पीकर, घे, बाकी कशाकडे बघू नकोस.

वाशीला सेक्टर १७ मध्ये तीन दुकानं फिरले. सगळीकडे आधी वॉट सांगतात आणि मग जमीन हादरवणारं गाणं लावतात. मी म्हटलं, गाणं नको, मराठी मालिका लावा आणि जाहिरात येईपर्यंत मी उभी राहते. दोन दुकानांत त्यांना ते जमण्यासारखं नव्हतं. तिसऱ्या दुकानातल्या मुलाने स्वतःच्या फोनचं नेट जोडून मालिका लावली, मला स्टूल दिलं. "ताई, असं ऐकून घेणारं गिऱ्हाईक येत नाही," म्हणाला. जाहिरात लागल्यावर त्याने नाइट मोड चालू-बंद करून दाखवला. पहिल्या झटक्यात फरक कळला. छापील किंमत बरीच जास्त होती, त्याने ८,२०० ला दिला. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण त्याच शेल्फवर आणखी चार कंपन्यांच्या बारवर हीच दोन बटणं होती, नाइट आणि व्हॉइस (बोलणं वर आणणारं). तुम्ही बटणं बघून घ्या.

सबवूफरवाला, म्हणजे खर्जाच्या आवाजाचा वेगळा डबा असलेला, मी मुद्दाम घेतला नाही. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा, भिंतीतून पलीकडे जातो तो मुख्यतः खर्जाचा आवाज. तो वेगळा डबा जमिनीवर ठेवला की खालच्या मजल्यालाही प्रसाद. आमचा बार दोन फूट लांबीचा, एकसंध आहे आणि बोलण्यासाठी तेवढा भरपूर आहे.

बसवण्याचा अनुभव वाईट. कंपनीने पाठवलेला मुलगा आला, माझ्या पलंगाच्या भिंतीत ड्रिल मारून बार टांगला, एक वायर जोडली, फोटो काढला, दहा मिनिटांत गेला. मूव्ही मोड तसाच ठेवून. पुढचे दोन दिवस जाहिराती आधीपेक्षा भयंकर. शिवाय टीव्हीतला ऑटो व्हॉल्यूम आमच्या टीव्हीच्या स्वतःच्या स्पीकरपुरताच आहे, वायरने बाहेर जाणाऱ्या आवाजाला तो लागतच नाही, हे त्याने सांगितलं नाही. ग्राहक सेवेला तीनदा फोन केला, तीनही वेळा तक्रार क्रमांक मिळाला, माणूस आला नाही.

शेवटी रविवारी भाऊ आला. त्याने बार भिंतीवरून उतरवला, कारण भिंतीला टेकलेली वस्तू भिंतच वाजवते. समोरच्या बुटक्या टेबलावर जुन्या योगाच्या चटईचा तुकडा घालून त्यावर ठेवला, तोंड थेट आईंच्या खुर्चीकडे. टीव्हीचे स्वतःचे स्पीकर बंद केले. व्हॉइस चालू, नाइट चालू, बास सगळ्यात खाली. मग आईंना बसवून आवाज हळूहळू वाढवत विचारत गेला, "मावशी, शब्द कळतोय का? प्रत्येक शब्द?" ११ वर त्या म्हणाल्या, "आता कळतंय. तो म्हातारा मेला नाहीये होय!" चार भाग त्या वेगळीच गोष्ट धरून बघत होत्या.

पुन्हा मोजलं. सोफ्यावर बोलणं ६०, जाहिराती ६४. फरक अकरावरून चारवर. माझ्या उशीपाशी, दार लावून, जाहिरात लागली की आधी ५० च्या पुढे जायचं, आता ४२-४३. मी कानात काही घालत नाही. गेल्या पाच महिन्यांत नाइटच्या दिवसांत सलग चार तासांची झोप बहुतेक वेळा मिळाली आहे. आईंच्या हातात आता रिमोट नसतो, त्या वाती वळत मालिका बघतात.

उणिवा आहेत. लाइट गेली की बार सगळं विसरतो आणि परत साध्या मोडवर येतो. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा होतंच. बारला पडदा नाही, फक्त तीन दिवे लुकलुकतात, नाइट चालू आहे की नाही हे डोळ्यांनी कळत नाही. त्याचा रिमोट बोटाएवढा आणि सगळी बटणं एकसारखी काळी. आईंनी स्वतःच उपाय काढला, नाइटच्या बटणावर मोठी लाल टिकली लावली आणि व्हॉइसच्या बटणावर हिरवी. लाइट परत येऊन बार सुरू झाला की दोन्ही टिकल्या एकेकदा दाबायच्या. टिकली महिन्याभरात सुटते, मग नवी लावायची. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस एकटं असतं त्यांनी दुकानातच प्लग काढून, पुन्हा लावून बघा की मोड तसाच राहतो का. मी हे विचारलं नव्हतं.

दुसरं, नाइट मोडमध्ये गाणं मरतं. अभंगांचा कार्यक्रम लागला की पखवाजाची थाप आणि टाळ एकाच पातळीवर येतात, गायकाने आवाज चढवला तरी तो चढत नाही. मोठं-लहान यांतला फरक काढून टाकणं हेच त्या बटणाचं काम आहे, तेव्हा तक्रार करण्यात अर्थ नाही, पण गाण्याची आवड असेल तर ते बटण बंद करायला शिकून घ्यावं लागेल. एकादशीला आम्ही बंद करतो.

आणि साउंडबार म्हणजे श्रवणयंत्र नव्हे. डॉक्टरांनी यंत्र सुचवलंय, आई अजून तयार नाहीत. टीव्हीपुरती सोय झाली म्हणून तो विषय मी सोडलेला नाही, कारण दारावरची बेल आणि भाजीवाल्याचा भाव साउंडबारमधून येत नाहीत.

आठ हजार दोनशे रुपयांत मी पुन्हा हाच घेईन का? हो, पण कंपनीच्या माणसाला ड्रिल मारू देणार नाही. भिंतीतली ती दोन भोकं अजून तशीच आहेत, दिवाळीच्या रंगकामात बुजवायची आहेत.